ब्लांशीर आणि चैत्रातली बंद खोली

चैत्र लागला की तापीकडून येणारा वारा दुपारी अचानक थांबतो. सकाळभर तो गल्लीतले कागद, कडुनिंबाचा फुलोरा, कुणाच्या तरी दोरीवरचा टॉवेल असं काहीबाही उडवत असतो, आणि मग कुणी हात दाखवून अडवल्यासारखा गप्प होतो. त्या वेळी आमच्या लोधीपुऱ्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात. कुत्रीसुद्धा गटारीच्या गार कडेला पोट टेकवून पडतात. लोकांना रात्रीची भीती वाटते. मला ती कधी वाटली नाही. मला चैत्रातली दुपार भिववते.

अशाच एका दुपारी परवा ईराचा व्हिडिओ कॉल आला. सोहम, तू त्या कॉलवर नव्हतास, म्हणून तुला नीट सांगते. तुझी बहीण सध्या फ्रान्समधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकते आहे आणि एका शब्दाने तिला वैताग आणला आहे.

"आजी, ब्लांशीर! दिवसभर हेच चालू असतं. शेंगा ब्लांशीर कर, बटाटे ब्लांशीर कर, अंड्याचा बलक ब्लांशीर कर. आणि दर वेळी काम वेगळं. मी भलतंच करते आणि शेफ ओरडतो."

"शेंगांचं काय करायचं असतं?"

"उकळत्या पाण्यात टाकायच्या, लगेच काढून बर्फाच्या पाण्यात. बटाटे तेलात अर्धेकच्चे तळून काढायचे. बलक साखरेबरोबर फिका होईपर्यंत फेटायचा. आता सांग, तिन्हींत सारखं काय आहे?"

मी म्हटलं, शब्दाच्या पोटात 'पांढरं' आहे. पांढरं करणे. इंग्रजीतला 'ब्लांच' तिथूनच आला. बदामाची सालं निघावीत म्हणून ते गरम पाण्यात घालतो, ते हेच. तिचं समाधान झालं नाही. "पण शेंगा तर पांढऱ्या होतच नाहीत! उलट जास्त हिरव्या होतात." हे तिने बरोबर पकडलं. पालक उकळत्या पाण्यातून काढला की असा काही हिरवा होतो की शेतातही तो इतका हिरवा नसतो. पांढरं करण्याचा शब्द, आणि त्याने हिरवं जपलं जातं. शब्दांचं असं होतं. माणसं कामं बदलतात आणि जुना शब्द नव्या कामालाही चालवून घेतात.

मग ती म्हणाली, "आणि ऐक ना. आज आम्ही भाजीवाल्या म्हाताऱ्याच्या मळ्यावर गेलो होतो. तो पण तोच शब्द वापरतो, पण त्याचं वेगळंच. तो रोपांवर माती चढवतो. काहींवर कुंडी उलटी घालतो. उजेड लागूच द्यायचा नाही. त्याचं तळघर दाखवते तुला, मी शूट केलंय."

पडद्यावर काळोख आला. मग मोबाइलच्या दिव्याच्या गोलात ओळीने उभे असलेले कोंब दिसले. पांढरे, काही ठिकाणी पिवळसर, लांब, ओले. दिवा फिरला तसे ते जरासे हलल्यासारखे वाटले.

"कसले क्रीपी दिसतात ना, आजी? पण चव एकदम नाजूक. उजेडात वाढले तर कडू होतात म्हणे. आजी? ऐकू येतंय का?"

मी मोबाइल पालथा ठेवला होता. नंतर तिला म्हटलं, रेंज गेली.

बागेतला हा अर्थ आपल्याला नवा नाही. शाहपूरकडे केळीच्या बुंध्याला मातीची भर देतात, ती आधारासाठी. पण केळीच्या खोडाचा गाभा तुम्ही दोघांनी पाहिला आहे का? एकावर एक सोपटं काढत जायचं, आणि शेवटी आत हस्तिदंतासारखी पांढरी, गार कांडी निघते. तिने आयुष्यात ऊन पाहिलेलं नसतं. आमच्याकडे तिची भाजी होते. मी लग्न करून या गावात आले तेव्हा पहिल्यांदा ती चिरली आणि तिचे तंतू सुरीला चिकटून लांबत गेले, तुटेचनात. सासूबाई म्हणाल्या, "बोटाला गुंडाळत जा." मी गुंडाळत गेले आणि बोटावर एक पांढरी अंगठी तयार झाली. अंधारात वाढलेल्या गोष्टी तुटायला वेळ लावतात, हे मला तेव्हा भाजीपुरतंच कळलं होतं.

त्याच घरातला, माझ्या लग्नानंतरचा दुसरा चैत्र. तुमची आई तेव्हा माझ्या पोटात होती.

आमच्या गल्लीत चैत्रात वाडी लागायची. ही वाडी घराच्या आत असायची. निमाडकडच्या गणगौरीची, म्हणजे तिकडच्या चैत्रगौरीची, ती रीत. गल्लीत मराठी, निमाडी, गुजराती घरांची सरमिसळ, त्यामुळे कुणाची रीत कुणी उचलली हे आता सांगता येणार नाही. होळी झाली, म्हणजे निमाडच्या पंचांगाने चैत्र लागला, की एका घरातली बिनखिडकीची खोली रिकामी करून सारवायची. प्रत्येक घराची एक लहान बांबूची टोपली, ओळखीसाठी तिच्या काठाला आपापल्या रंगाचा दोरा. टोपलीत काळी माती आणि गोवरीचा चुरा, त्यावर भिजवलेले गहू. टोपल्या आत मांडल्या की दार बंद. फटींमध्ये चिंध्या कोंबायच्या. चैत्र शुद्ध तृतीयेपर्यंत आत एकच बाई जाणार, तिला वाडीवाली म्हणायचे. दिवासुद्धा उंबऱ्याच्या बाहेर. ती काळोखात पाणी शिंपडणार, गाणी म्हणणार आणि दार ओढून बाहेर येणार. तृतीयेला वाडी उघडली की अंधारात उंच वाढलेले जवारे, म्हणजे ते गव्हाचे कोंब, बाहेर येत. हळदीच्या पाण्यासारखे फिके पिवळे, श्वासाने हलतील इतके मऊ. तीच माता. तिला डोक्यावर घेऊन बायका नाचत आणि शेवटी तापीवर पोचवून येत. हिरवं पातं चालत नसे. टोपली हिरवी निघाली तर त्या घरावर मातेची नाराजी, आणि वाडीवालीच्या हातून वाडी गेली.

वाडीवालीचं कपाळ कुंकवाचं हवं आणि अंग अव्यंग हवं, एवढ्या दोन अटी.

आमच्या गल्लीची वाडीवाली यमूआत्या, म्हणजे तुमच्या आजोबांची आत्या. तिचा नवरा कापडाचं गाठोडं घेऊन नदीपलीकडे जैनाबादला गेला आणि परत आला नाही. त्याची बातमी आली नाही आणि प्रेतही सापडलं नाही, म्हणून तिचं कुंकू राहिलं. ती भावाकडे आली आणि इथेच म्हातारी झाली. घरात तिला कुणी टाकून बोलत नसे, पण काही विचारतही नसे. एरवी ती तांदूळ निवडणारी, वाती वळणारी आत्या होती. चैत्रात मात्र आख्खी गल्ली तिच्या पाया पडायची. सुना, सासवा, शिकलेल्या, अडाणी, सगळ्या. एकदा वाती वळता वळता ती मला म्हणाली, "सूनबाई, लोकांना लेकरं असतात, जमीन असते. मला ही खोली आहे. ती गेली की मी कोण गं?" मी काहीतरी समजुतीचं बोलले. तिला समजूत नको होती. तिने फक्त वस्तुस्थिती सांगितली होती.

वाडी आमच्याच मागच्या खोलीत असायची. कौलारू, ठेंगणी खोली. तिचं छप्पर आमच्या गच्चीच्या कठड्याखालीच उतरत गेलेलं.

दुपारी जेवणं झाली की आत्या हात धुऊन आत जायची. मी मधल्या खोलीत चटईवर आडवी व्हायची. आमच्यामध्ये एक भिंत. पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा, अगदी हलका, कुणी ओल्या बोटांनी टिचक्या मारल्यासारखा. मग तिचं गाणं, ओठातल्या ओठात. मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'चा काळ फार लांबायचा. वारा थांबलेला, गल्ली निपचित, आणि भिंतीपलीकडे शेकडो पाती काळोखात वाढत आहेत, हे मला जाणवायचं. वाढण्याला आवाज नसतो हे मी जीवशास्त्रात शिकले होते. तरी मी भिंतीपासून चटई थोडी दूर ओढली होती.

ती बाहेर यायची तेव्हा मागचं अंगण उन्हाने पांढरंफटक पडलेलं असायचं. आपण काळोखातून असे बाहेर आलो तर डोळ्यांवर आडवा हात धरू. आत्या डोळे उघडे ठेवून सरळ उन्हात यायची. पापणी हलायची नाही. शेजारच्या गंगूमावशीने हे पाहिलं होतं. गंगूमावशी गल्लीतली सगळ्यांत मोठी, वाडी कुणाकडे द्यायची ते तीच ठरवायची. ती दबक्या आवाजात म्हणाली, "या दिवसांत तिच्या अंगात माता राहते बापा. मातेला काय ऊन लागतंय?" मी त्यावर मनात हसले आणि माझ्या दंडावर काटा आला, दोन्ही एकाच वेळी.

मग एका दुपारी मी आतून बोलणं ऐकलं.

"काहून वाढत नाहीस गं? साऱ्या वाढल्या. तूच काहून रुकलीस?"

आत्याचाच आवाज. रागावलेला नव्हता, विनवणीचा होता. आणि मग दुसरा आवाज आला. बारीक, लहान मुलीसारखा.

"येते. येते ना."

मी उठून बसले. माझा हात आपोआप पोटावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी बसले होते. आत्या भिंतीला हात लावत आली, माझ्याजवळ टेकली आणि तिने माझ्या पोटावर तळवा ठेवला. तळवा गार आणि ओला होता, त्याला मातीचा वास होता.

"हलतं ना गं?"

"हलतं की."

"काल पण हललं?"

"आत्या, असं काय विचारता?"

"काही नाही. पाणी पीत जा. झोपताना कुशीवर झोप."

मग ती रोजच विचारू लागली. रोज तळवा, रोज तोच प्रश्न. दुपारी भिंतीपलीकडे तीच विनवणी, आणि कधीकधी तो बारीक आवाज. मी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू पुस्तकांशी बोलतेस, ती गव्हाशी बोलते. मी कुणाशी बोलू?" त्यांचं चुकलं नव्हतं. पण एकदा दुपारी पोटातली हालचाल बराच वेळ जाणवली नाही, आणि मी चटईवर सरळ पडून, श्वास धरून, भिंतीपलीकडून कुणीतरी 'येते' म्हणावं म्हणून वाट पाहत राहिले. त्या वेळी माझं सगळं शिक्षण कुठे गेलं होतं, मला ठाऊक नाही.

ब्लांशीरचा आणखी एक अर्थ मी ईराला सांगितला नाही. तो स्वयंपाकातला नाही आणि बागेतलाही नाही. भीतीने माणसाचा चेहरा पांढरा पडतो, त्यालाही तोच शब्द आहे. आपण म्हणतो, तोंडावरचा रंग उडाला. उडाला, म्हणजे पाखरासारखा गेला. फ्रेंच माणसाला तो उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा वाटला असेल, किंवा मातीखाली ठेवल्यासारखा.

तृतीया उजाडली. बायका नव्या लुगड्यांत, नव्या साड्यांत, ताटं घेऊन मागच्या अंगणात दाटल्या. गंगूमावशीची सून कमल ढोलक घेऊन बसली. गाणं सुरू झालं, चिंध्या काढल्या, दार उघडलं. ओल्या मातीचा आणि कोंबांचा गोडसर, कोंदट वास अंगणभर झाला. आत्या आत गेली आणि एकेक टोपली उंबऱ्यावर आणून द्यायला लागली. पिवळी, पिवळी, पिवळी. सकाळच्या उन्हात त्या पात्यांतून पलीकडचं दिसेल असं वाटत होतं. ज्या घरची टोपली, त्या घरची बाई पदर पुढे करून ती घ्यायची.

मग एक टोपली आली आणि गाणं थांबलं.

ती हिरवी होती. शेतात असतो तसा ठेंगणा, जाड, ताठ गहू. भोवतालच्या फिक्या पात्यांमध्ये तो हिरवा रंग इतका जिवंत होता की त्याच्याकडे बघवेना. आधी दिलेल्या दोन टोपल्यांच्या एकेका कडेला हिरवट झाक आहे, हे बायकांना आता दिसलं. हिरव्या टोपलीच्या काठाला लाल-पांढरा दोरा होता. आमच्या घरचा.

"अरे माय! ही तर पूरी हिरवी झाली!" कमल म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

कुणीतरी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. आणि मग गंगूमावशीने मान वाकवून उघड्या दारातून आत पाहिलं. वरून, सरकलेल्या एका कौलातून, उन्हाची मनगटाएवढी जाड तिरीप खोलीत उतरली होती. वानरांची टोळी दोन-चारदा छपरावरून गेली होती, त्यांचंच काम. तिरिपीत धूळ वर-खाली होत होती. काळ्या खोलीत ती इतकी लख्ख होती की आंधळ्यालाही —

मला वाटतं, हे वाक्य अंगणातल्या प्रत्येक बाईच्या मनात एकाच वेळी सुरू झालं आणि याच ठिकाणी थांबलं. आत्या रोज दोनदा त्या खोलीत जात होती. आणि आत्ता ती त्या तिरिपीत उभी होती. ऊन तिच्या एका गालावर आणि एका उघड्या डोळ्यात पडलं होतं. डोळा तसाच उघडा होता.

"गाणं काहून थांबलं?" ती म्हणाली.

ती पुढे आली, उंबऱ्यावरच्या टोपलीवर तिने तळवा ठेवला. पात्यांच्या शेंड्यांवरून तळवा फिरवला.

"हीच ना? बुटकी राहिली ती? मी रोज समजावत होते तिला, सूनबाईचं घर आहे, वाढ म्हणून." मग तिचा आवाज खाली गेला. "कशी दिसते? सांगा ना गं कुणी. कशी दिसते?"

तिने तो प्रश्न विचारला आणि आपण काय विचारलं हे तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. कपाळापासून खाली, सावकाश, कुणी पडदा सोडल्यासारखं. कुंकू तेवढं राहिलं. ती तिथे दारात उभी होती, पिवळ्या पात्यांच्या ओळीमागे, त्यांच्याच रंगाची. ही खोली गेली की मी कोण, हे ती पुन्हा विचारणार नव्हती. उत्तर अंगणात उभं होतं.

गंगूमावशी गुडघ्यावर हात टेकत उठली. तिने आमची टोपली उचलली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

"या घरात पाळणा हलायचा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "लेकराला उजेड लागतो. मातेनं आपल्या हातानं कौल सरकवून घेतलं. तिची मर्जी! ही टोपली सगळ्यांच्या पुढं चालणार. आणि कमल, ढोलक वाजव ना गं, हात गहाण टाकले का?"

कमलने ढोलक वाजवलं. पहिले दोन ठेके चुकले, मग लागले. आम्ही तापीवर गेलो. डोक्यावरची ती ठेंगणी, ताठ पाती चालताना हलत नव्हती. बाकीच्यांच्या टोपल्या लहरत होत्या. वाटेभर कुणी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. परत येतानाही नाही, आणि नंतर आयुष्यभर नाही. इतक्या बायकांनी मिळून पोटात ठेवलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही. आपल्या गल्लीत कुणाची कढी फुटली तरी ती चार घरांत कळते.

संध्याकाळी गंगूमावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली. आत्या खाली मान घालून वाती वळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पुढल्या साली वाडी कुठं?"

"कुठं म्हणजे? जिथं असते तिथं. जरा लवकर सारव मात्र. यंदा भिंतीला पोपडे होते."

आत्याचे हात थांबले. मग पुन्हा वळू लागले.

तुमची आई पुढे आषाढात झाली. धडधाकट, रडकी, काळीसावळी. तो बारीक आवाज कुणाचा होता, हे मी आत्याला विचारलं नाही. ती स्वतःच प्रश्न करून स्वतःच उत्तर देत असणार. असं मी स्वतःला सांगते. तुमची आई बोलायला लागल्यावर, हाक मारली की आतल्या खोलीतून म्हणायची, "येते. येते ना." सगळीच मुलं म्हणतात.

आता ती खोली नाही. तिथे सिमेंटचा स्लॅब पडला, मोटरसायकल लागते. वाडी दुसऱ्या गल्लीत असते, मी दर्शनाला जाते. ईराचा कॉल झाल्यावर मी उगाचच मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. ऊन तसंच पांढरं होतं. माझ्या डोळ्यांना ते फार लागतं, आणि त्याचं मला बरं वाटलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते त्याच्या पुढच्या चैत्राचं. काय करायचं ते कुणी मला सांगितलं नव्हतं. गंगूमावशीने फक्त एका दुपारी माझ्या कडेवरून तुमच्या आईला घेतलं आणि गच्चीकडे पाहिलं. "मी हिला सांभाळते. तू जाऊन ये." पेरणी झाली होती, वाडी बंद होती. गल्ली झोपली होती. मी पदर खोचला, कठडा ओलांडून कौलांवर उतरले आणि हातापायांवर चालत एकेक कौल दाबून पाहू लागले. कौलं तापलेली होती. आत्या पाणी शिंपडून एव्हाना बाहेर आली असेल, असं मी धरलं होतं.

मधल्या ओळीत एक कौल हललेलं सापडलं. ते नीट बसवण्यासाठी मला आधी उचलावं लागलं. उचललं तसं ऊन माझ्या खांद्यावरून आत पडलं, आणि खाली, त्या उजेडाच्या गोलात, आत्याचा चेहरा होता. वर केलेला, सरळ माझ्याकडे. डोळे पूर्ण उघडे. ओले हात जोडलेले. भोवती काळोख होता आणि त्या काळोखात पिवळी टोकं नुकती वर येत होती.

तिने गालावरचं ऊन जरा वेळ लागू दिलं.

"आलीस माय?" ती हळूच म्हणाली. "बस झालं. आता झाक."

मी कौल जागेवर ठेवलं.